मठाधिपतीची नक्कल

————
(इथे खूण नाही. पहिलं वाक्य कोणाच्याही बोलण्यानंतर येत नाही, आपलं आपण येतं.)

बुधवारी सकाळी मी रंगपटाचं दार उघडलं तेव्हा लोखंडी पेटी उघडी होती आणि नाटकाची वही तिच्यात नव्हती.

बाकी सगळं जागेवर होतं. जुन्या सहा नाटकांच्या वह्या, मेणबत्त्यांची टोकं, लाकडी राजदंड, उंदरांनी अर्धी खाल्लेली दाढी. नव्हती ती फक्त 'अल्डविनचा मुकुट' या नव्या नाटकाची वही, आणि शनिवारी आम्ही तेच नाटक लावणार होतो.

दुसरी प्रत नव्हतीच. लोकांना वाटतं, प्रत्येक नटाजवळ पुरतं नाटक असतं. नसतं. कागद महाग, आणि पुरतं नाटक हाती पडलं तर ते दुसऱ्या मंडळीला विकायला कितीसा वेळ लागतो? म्हणून पुरती वही एकच. तिच्या शेवटच्या पानावर राणीसाहेबांच्या कचेरीची सही आणि शिक्का, की हे नाटक खेळायला हरकत नाही. नटाला मिळते ती नुसती त्याची नक्कल. त्यात त्याची वाक्यं तेवढी लिहिलेली, आणि प्रत्येक वाक्याआधी एक लांब रेघ, पुढे समोरच्याच्या तोंडचे शेवटचे दोन-तीन शब्द. ती खूण. ते शब्द कानावर पडले की आपलं तोंड उघडायचं. ते कोण म्हणतं, त्याआधी काय काय म्हणतं, हे नकलेत नसतं.

नकला माझा भाऊ बार्नबी लिहितो. वही तोच सांभाळतो, प्रयोगात विंगेतून शब्दही तोच पुरवतो. त्याच्या कागदाच्या पट्ट्या कणकेच्या खळीने एकाला एक चिकटवून काठीवर गुंडाळायचं काम माझं. मी थॉमसिन वेड. 'करकोचा' नाटकघराचे पोशाख वीस वर्षं माझ्या हातात आहेत. मला छापील बायबल वाचता येतं, पण भावाचं हस्ताक्षर नाही. शाईत पडलेली माशी कागदावरून चालत गेली की तसं दिसतं.

तो शनिवारपासून तापाने पडला होता. नकला मीच वाटल्या. पेटीची किल्ली चार दिवस माझ्या खुंटीवर होती, आणि रंगपटात येणारा-जाणारा कोणीही ती काढू शकला असता. बुधवारी तो पहिल्यांदा उठला, माझ्या मागोमाग आला आणि रिकाम्या पेटीकडे बघत उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "कोणी थट्टा तर करत नाहीये ना?"

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. कचेरीचा अधिकारी होता. सोबत दोन शिपाई आणि हातात एक पत्र. त्याने मागितली ती वहीच होती.

———— ती वहीच होती

पत्र निनावी होतं. अधिकाऱ्याने त्याची प्रत मोठ्याने वाचली.

"'करकोचा नाटकघरात राजद्रोह शिकवला जाणार आहे. राजा म्हणतो, मुकुट उतरवा. मठाधिपती म्हणतो, उतरवा, देवाच्या दारी कोणीच राजा नाही. मग राजा म्हणतो, हे राज्य रोमच्या हाती. आणि मठाधिपती म्हणतो, आमेन. डोळ्यांत तेल घालून बघा.'"

कोणी हसलं नाही. स्पेनचं आरमार बुडाल्याला वर्षही झालं नव्हतं. रोमचा पोप आपल्या राणीला राणीच मानत नाही, हे लंडनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुकुट उतरवायची भाषा आणि वर रोमला आमेन, म्हणजे फाशीचीच गोष्ट.

"राजा असं म्हणतच नाही!" बार्नबी म्हणाला.

"मग वही दाखवा."

वही नव्हती. सही नव्हती, शिक्का नव्हता. आणि आमच्या आईचा भाऊ जुन्या, रोमच्या धर्माचा पाद्री होता, तो समुद्रापलीकडे पळाला, हे मात्र कचेरीच्या कागदांत व्यवस्थित होतं.

"वही यानेच जाळली असणार," अधिकारी म्हणाला. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ती माझ्यासमोर आली नाही, तर याला नदीपलीकडे नेतील. तिथे अंग ताणून प्रश्न विचारतात. तोवर हा तुमच्या पॅरिशच्या कोठडीत राहील आणि तुमचा कारकून चौकशी करून मला लिहून देईल."

पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीचा, कारकून ॲम्ब्रोज हिल्डर. वय एकाहत्तर. कोठडीची किल्ली, चर्चच्या घंटेचा दोर आणि जन्ममृत्यूची नोंदवही, तिन्ही त्याच्याकडे. तो काठी टेकत रंगपटात आला, माझ्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चल पोरी, सांग."

"मी त्रेचाळीस वर्षांची आहे."

"मी एकाहत्तर. म्हणून पोरी. आता सांग, तुझ्या भावाच्या वाईटावर कोण आहे?"

"कोणी नाही."

"नाटकमंडळीत? अगं, चर्चच्या गाणाऱ्यांत सहा जण असतात तर सात भांडणं असतात."

मी उठले. खुंटीवरून मठाधिपतीचा झगा सटकून धपकन खाली पडला, तो उचलून परत टांगला. झगा खरा होता. जुन्या धर्मातला, सोन्याच्या जरीचा. धर्म पालटला आणि चर्चमधून असले झगे निघाले तेव्हा आमच्या मंडळीने मातीमोलाने घेतला होता. आता त्यात देव नव्हता, फक्त लॅन्सलॉट पिम नावाचा नट असायचा.

"भांडणं आहेत," मी म्हटलं. "दोन."

———— आहेत. दोन

पहिलं भांडण हंफ्री स्ट्रेकचं. हा आमचा राजा. चौदा नाटकांत राजा झालाय, त्यामुळे घरी बायकोलाही 'आमची आज्ञा आहे' म्हणतो आणि ती त्याला त्याच आज्ञेने पाणी भरायला लावते.

"बार्नबीने माझी बावीस वाक्यं कापली," हंफ्री म्हणाला. "बावीस! राजा मेल्यावर बोलत नाही, म्हणे. का नाही बोलत? लोकांना आवडतं."

"म्हणून वही चोरलीस?" ॲम्ब्रोजने विचारलं.

"आजोबा, वही चोरली तर उरलेलीही जातील की!" त्याने पत्राची प्रत ॲम्ब्रोजकडून दोनदा वाचून घेतली आणि त्याच्या मानेवरची शीर फुगली. "आणि हे कोण गाढव? 'हे राज्य रोमच्या हाती' हे माझं वाक्यच नाही. माझ्या नकलेत नाही. 'मुकुट उतरवा' माझं आहे."

"मग दुसरं कोणाचं?"

"मला काय ठाऊक? ज्याचं त्याला ठाऊक. तालीम व्हायची होती गुरुवारी."

ॲम्ब्रोजने मान हलवली.

दुसरं भांडण लेखक क्रिस्पिन लोव्हेटचं. त्याला नाटक छापखान्यात द्यायचं होतं, मंडळीने नाही म्हटलं होतं. मंगळवारी तो छापखान्यांच्या आळीत दिसला होता.

"गेलो होतो," क्रिस्पिन म्हणाला. "दोन डोक्यांच्या वासरावर गाणं लिहिलंय, ते विकायला. लोकांना वासरू हवंय, बाबा. एका डोक्याचा राजा कोणाला नको."

"तुझा कच्चा मसुदा तरी असेल ना?"

"खालच्या पाईवालीला दिला. उधारी होती. तिने त्यात माशाचं सारण भरलेल्या पाई बांधल्या. माझा दुसरा अंक निम्म्या वस्तीने खाल्ला."

"ते रोमचं वाक्य कोण म्हणतं?"

"राजकन्या. अन् कौतुकाने नाही म्हणत! मुकुटही राजा प्रार्थनेला आत जाताना उतरवतो, बोडक्याने जायचं म्हणून. त्या दोन वाक्यांमध्ये चाळीस ओळी आहेत, चाळीस! पण माझ्या तोंडी बोलण्याला कचेरी काय किंमत देणार? जिभेवर शिक्का मारता येत नाही."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "दोघेही खरं बोलतात असं वाटतं."

"दोघेही रागाने बोलतात," ॲम्ब्रोज म्हणाला. "रागावलेला माणूस खोटं बोलताना अडखळतो. आता न रागावलेल्याकडे जाऊ. तुझ्या भावाकडे. तो मला जरा जास्तच शांत वाटला."

———— जास्तच शांत वाटला

बार्नबीची नक्कल, कोठडीतली. मी दाराशी उभी होते. आतून त्याचं बोलणं नीट ऐकू येत होतं, ॲम्ब्रोजच्या प्रश्नांची फक्त टोकं.

———— कुठे आहे वही?
माहीत नाही.

———— कोणी लिहिलं असेल?
माहीत नाही.

———— पत्र पुन्हा वाचून दाखवू?
नको. एकदा ऐकलं. तेवढं पुरे.

———— ऐकताना काहीतरी ओळखलंस.
ताप होता मला. डोकं अजून ठणकतंय.

———— कोणाला वाचवतोयस?
कोणाला नाही. शनिवारपासून मी अंथरुणात होतो. चार दिवस माझ्याकडे कोणी आलं नाही. म्हणजे आलं असेल. ताईने परत पाठवलं असेल. विचारू नका तिला. ती विसरली असेल.

ॲम्ब्रोज बाहेर आला, कुलूप लावलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"मग? कोणाला परत पाठवलंस?"

मी खरंच विसरले होते.

———— खरंच विसरले होते

चर्चच्या ओसरीवर पाद्री झकरी होम बसले होते. समोर एक मासेवाली, आणि तिच्या मुलाचं समुद्रापलीकडच्या फ्लशिंगच्या छावणीतून आलेलं पत्र. पाद्री ते वाचून दाखवत होते. सोमवार ते गुरुवार ते असेच बसतात. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतात, शिकायचं असेल त्याला शिकवतात, फुकट. आणि रविवारी व्यासपीठावर उभे राहून नाटकघर म्हणजे सैतानाची शाळा, असं दोन तास सांगतात.

"थॉमसिनबाई," ते मला म्हणाले, "तुमच्या भावासाठी मी प्रार्थना करतोय. पण त्या घराला आग लागली तर बादली घेऊन येणार नाही."

"आलात तर शिरणार कुठून?" मी म्हटलं. "दार कुठे आहे तेही तुम्हांला माहीत नसेल."

"नाहीच माहीत. पाऊल टाकलेलं नाही."

"मग आत काय चालतं ते कसं कळतं?" ॲम्ब्रोजने सहज विचारलं.

मासेवालीचं पत्र पाद्रींनी घडी घालून तिच्या हातात दिलं, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. मग आतल्या भिंतीकडे बोट केलं. "ॲम्ब्रोज, तो हात पुन्हा दिसायला लागलाय. ओल आली की चुना सुटतो. बायका घाबरतात. उगारलेला हात आहे तो, जुन्या मूर्तिपूजकांचा. आजच्या आज चुना लाव."

भिंतीवर खरंच एक रंगवलेला हात होता. पांढऱ्या चुन्यातून मनगटापर्यंत वर आलेला, बोटं आवळलेली.

"लावतो," ॲम्ब्रोज म्हणाला. "एडवर्डराजाच्या काळात मीच लावला. मेरीराणीच्या काळात जुना धर्म परत आला तेव्हा मीच खरवडला. या राणीच्या काळात परत मीच. माझ्याइतकी ती भिंत कोणाला माहीत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच, "उद्या सकाळी सगळ्या नटांना बोलाव. ज्याची त्याची नक्कल घेऊन."

———— त्याची नक्कल घेऊन

गुरुवारी तालमीच्या वेळी सगळे रंगमंचावर बसले. वर आभाळ मोकळं, खाली रिकामं आवार, मागच्या खेळातल्या अक्रोडांची टरफलं अजून पडलेली.

ॲम्ब्रोजने पत्राची प्रत गुडघ्यावर पसरली.

"पत्र लिहिणाऱ्याला चार वाक्यं शब्दन्‌शब्द माहीत आहेत," तो म्हणाला. "वही वाचणाऱ्याला तशी माहीत असतात. पण वही वाचली असती तर रोमचं वाक्य राजकन्येचं, हे कळलं असतं. मधल्या चाळीस ओळी कळल्या असत्या. तालीम ऐकणाऱ्यालाही कळलं असतं, पण तालीम झालीच नाही. मग असा कोण, की ज्याला शब्द अचूक ठाऊक आणि ते कोण बोलतं ते ठाऊक नाही?"

हंफ्रीने स्वतःच्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच आपापल्या पाहिल्या.

"नक्कल," राजकन्या करणारा टोबी म्हणाला.

"आणि 'मुकुट उतरवा', मग 'उतरवा, देवाच्या दारी', मग 'रोमच्या हाती', मग 'आमेन', हे असं लागोपाठ एकाच नकलेत येतं."

सगळ्यांच्या माना वळल्या. लॅन्सलॉट पिम खांबासारखा ताठ बसला होता. मोठा, रुंद माणूस. पूर्वी डेप्टफर्डच्या गोदीत जहाजांची शिडं शिवायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याचा आवाज ऐकून बार्नबीनेच त्याला मंडळीत आणला. माझ्या भावाचा यापेक्षा जवळचा मित्र नव्हता.

"लॅन्स!" हंफ्री ओरडला. "तू?"

"मी काहीही लिहिलेलं नाही," लॅन्सलॉट म्हणाला. "देवाशपथ. एक अक्षर नाही."

"बरं," ॲम्ब्रोज म्हणाला. "ती जागा वाच पाहू. नकलेतून."

लॅन्सलॉटने गुंडाळी उलगडली, समोर धरली आणि बोलू लागला. काय आवाज! 'उतरवा, देवाच्या दारी कोणीच राजा नाही...' एक शब्द चुकला नाही. पण मी त्याच्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

नकला मी चिकटवते. भावाचं अक्षर मला लागत नाही, पण माझे जोड मला लागतात. मठाधिपतीच्या नकलेला पाच पट्ट्या होत्या. तिसऱ्या पट्टीवर माझ्या हातून खळ सांडली होती, तिथे बार्नबीने कुरकुरत 'मुकुट' हा शब्द पुन्हा लिहिला होता, आणि कुठला ते बोट ठेवून मला दाखवलं होतं. लॅन्सलॉट 'मुकुट'पुढचं बोलत होता. त्याचे डोळे होते पहिल्या पट्टीवर. तिसरी अजून काठीलाच गुंडाळलेली होती.

तो वाचत नव्हता. त्याला वाचता येतच नव्हतं.

आणि मला रविवार आठवला. दाराशी लॅन्सलॉट, हातात संत्रं, बगलेत नक्कल. 'बार्नबीला जरा भेटू दे ना, थोडंच काम आहे.' आणि मी: 'ताप लागट असला तर घरी पोरांना नेशील. जा बघू.' संत्रं ठेवून घेतलं आणि दार लावून घेतलं.

अकरा वर्षं बार्नबी त्याला त्याच्या नकला वाचून दाखवत होता. कोणाला न कळता. न वाचता येणाऱ्या नटाला कोण ठेवील? म्हणूनच कोठडीत माझा भाऊ तोंड मिटून बसला होता.

मी ॲम्ब्रोजच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे या वेळी," तो पुटपुटला, "त्याला ती दुसऱ्याच कोणीतरी वाचून दाखवली."

———— कोणीतरी वाचून दाखवली

"पाद्रीबाबांनी," लॅन्सलॉट म्हणाला.

बाकीच्यांना ॲम्ब्रोजने बाहेर पाठवलं होतं. रंगपटात आम्ही तिघेच.

"सोमवारी ओसरीवर गेलो. म्हटलं, एक कागद आहे, वाचून द्या, माझा वाचणारा आजारी आहे. त्यांनी वाचला. रेघेपुढचं पण, माझं पण. त्या जागी आले आणि थांबले. म्हणाले, हे कोणी लिहिलं? हा राजद्रोह आहे. लिहिणारा, सांभाळणारा, बोलणारा, सगळे फासावर जातील. तू गरीब आहेस, तुझं नाव मी कोणाला सांगणार नाही, पण यातून बाहेर पड."

"आणि तू?"

"मला वाटलं, असेलही. मला काय कळतं? शब्द तर त्यांनी कागदावरूनच वाचले. आणि वही सांभाळतो तो बार्नबी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "वही नसली तर नाटक नाही. नाटक नाही तर फास नाही. मंगळवारी किल्ली काढली."

"पण त्याला धरून नेलं तेव्हा तरी, लॅन्स!" मी किंचाळलेच. "तेव्हा तरी आणून द्यायचीस!"

"बाई, तेव्हा तर मुळीच नाही. तेव्हा ती वहीच त्याचा फास होती ना! ती सापडली नाही तर त्याच्यावर काय सिद्ध होणार? मी रोज रात्री तेच घोकत होतो. सापडू नये, सापडू नये."

एक जण दुसऱ्याचं गुपित राखत कोठडीत बसला होता, दुसरा त्याला वाचवायला त्याच्याच सुटकेचा कागद लपवत होता.

"जाळली नाहीस ना?" ॲम्ब्रोजने विचारलं.

लॅन्सलॉटने मान खाली घातली. "त्याच्या हातचं आहे ते. कसं जाळू?"

आणि मला बुधवारचा तो आवाज आठवला. धपकन. जरीचा झगा असा पडत नाही, तो सळसळत पडतो. मी खुंटीकडे धावले, झगा उलटा केला. पाठीच्या अस्तराला माझी शिवण नव्हती. मेण लावलेला जाड दोरा, लांब तिरके टाके. शिडाचे.

कात्री आणायलाही थांबले नाही. दाताने तोडली.

———— दाताने तोडली

"मी खोटं लिहिलं नाही," पाद्री होम म्हणाले. "जे कागदावर होतं तेच लिहिलं."

ओसरीवर संध्याकाळचं ऊन होतं. ॲम्ब्रोजने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "वाचा. मुकुटापासून."

ते वाचू लागले. आधी कपाळाला आठ्या घालून, मग ओठ हलवत, मग नकळत मोठ्याने. राजा रणातून थेट चर्चच्या दाराशी येतो, अंगावर रक्त. म्हणतो, असा कसा जाऊ आत? मुकुट उतरवा. चाळीस ओळी तो गुडघ्यांवर असतो. मग त्याची मुलगी उभी राहते:

"'मी एकटी असेन, बाई असेन, पण या देहात श्वास आहे तोवर जाऊ देणार नाही कोणाच्याही, जाऊ देणार नाही हे राज्य रोमच्या हाती.'"

"आमेन," पाद्री म्हणाले. मठाधिपतीचं वाक्य म्हणून नाही, आपोआपच. मग त्यांनी वही मिटली.

"राजा म्हणतो, असं मी लिहिलं," ते शेवटी म्हणाले. "कागदावर राजा नव्हता. तो मी घातला."

"आत या," ॲम्ब्रोज म्हणाला. "एक गोष्ट दाखवतो." त्याने काठीचं टोक भिंतीवरच्या त्या हाताजवळ नेलं. "चुन्याखाली काय आहे, ते बघितलेला आता मी एकटा उरलोय. मोठा माणूस आहे, नदी ओलांडतोय. खांद्यावर लेकरू आहे. ते पाण्यात पडू नये म्हणून त्याने त्याचा पाय धरलाय. मारायला उगारलेला नाही तो हात. वर धरलेला आहे. पण तेवढंच दिसलं की कोणीही घाबरेल, पाद्रीबाबा. मीसुद्धा."

पाद्री भिंतीपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "शाई आहे का?"

शुक्रवारी बाराला वीस मिनिटं असताना कचेरीत वही आणि तिच्यासोबत दोन कागद पोचले. एक पाद्री होम यांचा, सहीनिशी: पत्र माझं, चूक माझी. दुसरा ॲम्ब्रोजचा: वही पोशाखाच्या अस्तरात सापडली, सही-शिक्का शाबूत.

"अस्तरात कशी गेली ते लिहिलं नाहीत?" मी विचारलं.

"लिहिलं तेवढं खरं आहे," म्हातारा म्हणाला. "बाकीचं माझ्या नकलेत नाही."

———— माझ्या नकलेत नाही

शनिवारी दुपारी नाटक सुरू होण्याचा तिसरा कर्णा वाजला. बार्नबी विंगेत उभा, वही हातात, डोळ्यांखाली अजून काळं. लॅन्सलॉट झगा चढवून त्याच्याजवळ गेला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"माहीत आहे तुला काय वाटलं," बार्नबी म्हणाला. "ताईने माझं संत्रं खाल्लं, ते माहीत आहे का?"

"खराब होत होतं!" मी म्हटलं.

राजकन्येच्या त्या वाक्याला आवारातले हजार लोक असे गरजले की टोबी पुढचं विसरला, आणि लॅन्सलॉटचं आमेन कोणालाच ऐकू आलं नाही. संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे नट रांगेने गुडघ्यांवर बसले आणि राणीसाहेबांसाठी प्रार्थना सुरू झाली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. दाराच्या अगदी आत, उंबरठ्यापासून जेमतेम एक पाऊल, काळी टोपी छातीशी धरून पाद्री होम उभे होते. राणीचं नाव आलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि अक्रोडांच्या टरफलांत गुडघे टेकले.

रविवारी त्यांनी नाटकाविरुद्ध दीडच तास सांगितलं.

लॅन्सलॉट आता सोमवारी ओसरीवर शिकायला जातो. हंफ्रीला कळलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की पाद्री आणखी एकाला घेतील का, बायकोच्या चिठ्ठ्या त्याला मेव्हण्याकडून वाचून घ्याव्या लागतात. भिंतीला चुना लागला, पण त्या हाताशी ॲम्ब्रोज मुद्दामच पातळ लावतो.

गेल्या आठवड्यात नव्या नाटकाच्या नकला निघाल्या. मी लॅन्सलॉटची चिकटवली, गुंडाळली, आणि तो ती घेऊन थेट ओसरीवर गेला. मीही मागोमाग गेले, संत्रं घेऊन. त्याने गुंडाळी उलगडली, पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि घाम पुसत, एकेक अक्षर जोडत, पुढचे तीन शब्द स्वतः वाचले.

पाद्री होम पुढे वाकले. चष्मा वर सरकवला. कागदाकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले. "आता मला सांग, याच्या आधी काय आहे?"